मुख्याध्यापकांचा मुख्याध्यापक कोण?

शाळेत सहामाहीची किंवा सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका हातात पडली की आपण थेट पहिल्या प्रश्नाकडे धावायचो. वर बारीक अक्षरांत काय छापलंय, याच्याशी कुणाला देणंघेणं नसायचं. पण अनेक जिल्ह्यांत तिथे एक नाव असायचं: अमुक जिल्हा मुख्याध्यापक संघ. म्हणजे मुख्याध्यापकांचाही संघ असतो? अख्खी शाळा ज्यांना घाबरते, त्यांना संघटनेची काय गरज?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. शिक्षकांना स्टाफरूम असते. तिथे डबे उघडतात, कुरबुरी होतात, मन हलकं होतं. मुख्याध्यापक मात्र आपल्या खोलीत एकटेच. वर संस्थाचालक आणि सरकार, खाली शिक्षक, समोर पालक. बरोबरीचं माणूस त्या इमारतीत एकही नाही. ते हवं असेल तर दुसऱ्या शाळेत शोधावं लागतं.

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असा शोध दोन वेगवेगळ्या घरांत घेतला गेला. एका घरात पुरुष जमले, दुसऱ्या घरात बायका. गंमत म्हणजे दोन्ही बैठकांच्या मागे कायदा एकच होता.

साठ आमंत्रणं, चौदा होकार

एडवर्ड थ्रिंग १८५३ मध्ये अपिंगहॅम या लहानशा गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, तेव्हा तिथे जेमतेम पंचवीस मुलं होती. त्यांनी स्वतःचे पैसे घातले, कर्ज काढलं, सहकाऱ्यांनाही गुंतवणूक करायला लावली आणि मुलांची संख्या तीनशेच्या घरात नेली. शाळा कागदोपत्री जुन्या देणगीवर चालणारी. प्रत्यक्षात ती थ्रिंगांच्या कष्टावर उभी होती.

अशा देणगीच्या शाळा इंग्लंडभर होत्या. काहींचा कारभार उत्तम, तर काहींचा पैसा कुठे मुरतो याचा पत्ता नाही. १८६४ मध्ये सरकारने त्यांच्या चौकशीसाठी टाँटन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८६८ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. आता सरकारने नेमलेले आयुक्त या शाळांच्या घटना नव्याने लिहू शकणार होते.

थ्रिंगसारख्यांना धडकी भरली. सोळा वर्षं राबून उभं केलेलं काम लंडनचा कुणी अधिकारी एका सहीने बदलणार? त्याच वर्षी मार्चमध्ये कँटरबरीच्या मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने लंडनमध्ये एक बैठक झाली होती. तो धागा पकडून डिसेंबर १८६९ मध्ये थ्रिंगनी साठ मुख्याध्यापकांना आपल्या घरी बोलावलं. होकार आले चौदा, आणि बैठकीला शेवटपर्यंत थांबले बारा. 'हेडमास्टर्स कॉन्फरन्स' सुरू झाली ती एवढ्याशा मंडळींवर. दरवर्षी भेटायचं, बोलायचं, सरकारपुढे एका आवाजात उभं राहायचं, असा बेत होता.

त्याच कायद्याचं दुसरं टोक

टाँटन आयोग मुलग्यांच्या शाळांसाठी नेमलेला, असंच सगळे धरून चालले होते. एमिली डेव्हिस या कार्यकर्तीने पाठपुरावा करून मुलींच्या शाळाही त्याच्या कक्षेत आणल्या. आयोगापुढे साक्षी झाल्या. त्यात लंडनमध्ये १८५० पासून 'नॉर्थ लंडन कॉलेजिएट' ही शाळा चालवणाऱ्या फ्रान्सिस मेरी बस होत्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील होत्या. मुलींना थातुरमातुर शिकवून बोळवण होते, हे अहवालात नोंदवलं गेलं. आणि १८६९ च्या कायद्यात एक छोटं कलम आलं: देणग्यांचा लाभ शक्य तिथे मुलींनाही मिळावा.

थ्रिंगना ज्या कायद्याची भीती वाटली, त्यानेच मुलींच्या शाळांसाठी तिजोरी किलकिली केली.

पण देणगी येते ती एकटी येत नाही. सोबत संचालक मंडळ येतं. मिस बस यांची शाळा तोवर त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. फी, शिक्षिका, वेळापत्रक सगळ्यांत त्यांचाच शब्द शेवटचा. पुढे त्यांनी ती विश्वस्तांच्या हवाली केली. आपल्यामागे शाळा टिकावी आणि गरीब घरच्या मुलींसाठी कमी फीची दुसरी शाळा निघावी, यासाठी. दुसरी शाळा १८७१ मध्ये निघाली. मात्र वीस वर्षं मालकीण असलेल्या बाई आता आपल्याच शाळेत पगारी नोकर झाल्या. कुणाला नेमायचं, कुणाला काढायचं, किती खर्च करायचा, याची परवानगी अशा मंडळींकडून घ्यायची, ज्यांनी कधी वर्गात खडू हातात धरला नव्हता.

संस्थाचालकांसमोर फाइल घेऊन ताटकळणाऱ्या कुणाही मुख्याध्यापकाला हे सांगायला लागणार नाही.

त्याच सुमारास मुलींसाठी नव्या शाळा निघत होत्या. १८७२ मध्ये तर त्यासाठी एक कंपनीच स्थापन झाली. तिथे नेमलेल्या तरुण मुख्याध्यापिकांसमोर गिरवायला कित्ता नव्हता. या कामाचे नियम कुणी लिहिलेलेच नव्हते.

पुरुषांच्या कॉन्फरन्समध्ये त्यांना जागा नव्हती. मग डिसेंबर १८७४ मध्ये मिस बस यांनी काही जणींना आपल्या घरी बोलावलं. आल्या त्या अगदी मोजक्या. त्यांचा पहिला मोठा विषय होता मुख्याध्यापिकेचा अधिकार: शाळेच्या आतला कारभार, शिक्षिकांच्या नेमणुका कुणाच्या हाती? त्यातून 'असोसिएशन ऑफ हेडमिस्ट्रेसेस' उभी राहिली. १८९४ मध्ये निधन होईपर्यंत मिस बस तिच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्यानंतर मिस बील झाल्या.

दोन्ही गटांना आपापला अधिकार राखायचा होता, हे खरंच. पण पुरुषांकडे होतं ते जाऊ नये म्हणून ते जमले. बायकांना मुळात काय असायला हवं, इथून सुरुवात करावी लागली. त्यामुळे परीक्षा, मुलींची तब्येत, शिक्षिकांचं प्रशिक्षण असे प्रश्न त्यांच्या बोलण्यात येत गेले. शिक्षिका घडवायच्या तर कॉलेज हवं, म्हणून १८८५ मध्ये केंब्रिजला प्रशिक्षण महाविद्यालय निघालं, त्यातही मिस बस पुढे होत्या.

शेवटचं आमंत्रण

थ्रिंग मात्र आपल्याच संघटनेच्या चौकटीत मावले नाहीत. १८७६ मध्ये टायफॉइडच्या साथीमुळे त्यांनी अख्खी शाळा उचलून वेल्सच्या किनाऱ्यावर बोर्थला नेली आणि वर्षभर तिथे चालवली. सगळं पणाला लागणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. १८८७ मध्ये त्यांनी मुख्याध्यापिकांच्या संघटनेला परिषदेसाठी अपिंगहॅमला बोलावलं. मुलग्यांच्या शाळेत मुख्याध्यापिकांचा बरोबरीच्या नात्याने पाहुणचार झाला. त्याच ऑक्टोबरमध्ये थ्रिंग गेले.

त्यांच्या कॉन्फरन्सला त्यांच्याएवढी घाई नव्हती. तिच्या नावात 'हेडमिस्ट्रेसेस' हा शब्द यायला १९९६ उजाडलं. दरम्यान १८९० मध्ये इतर माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी आपली वेगळी संघटना काढली, १८९७ मध्ये प्राथमिकवाल्यांनी त्यांची. बसबाईंची संघटना आणि १८९० ची पुरुषांची संघटना १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक झाल्या. आज ती संघटना शाळा-महाविद्यालयांच्या प्रमुखांना कायद्याचा सल्ला देते, नोकरीवर गदा आली तर पाठीशी उभी राहते.

म्हणजे मुख्याध्यापकांचा मुख्याध्यापक कोण? कुणीच नाही. असतात ते शेजारच्या शाळेतले दुसरे मुख्याध्यापक, आणि वेळ आली की तेच कामाला येतात. तेव्हा असा कुठलाही संघ जोखायचा तर त्याच्या ठरावांची जाडी बघून भागत नाही. गावाबाहेरच्या दोनखोली शाळेत कालच रुजू झालेल्या, अजून कुणाला ओळखत नसलेल्या बाईंना त्याचं आमंत्रण जातं का, ते आधी बघावं.