पाटीवरचे दोन आकडे

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन डोंगरांची लांबच लांब रांग आहे. तिथल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९३७ पासून रस्त्याच्या कडेला इतिहास सांगणाऱ्या पाट्या लावलेल्या आढळतात. त्याच राज्यातील फेएट जिल्ह्यात, हॉक्स नेस्टजवळची एक पाटी आज आपण वाचू या.

न्यू नदीचे पाणी वळवून वीज करायची, म्हणून १९३० साली इथे सुमारे तीन मैलांचा बोगदा खोदायला घेतला. आत सुमारे ३,००० मजूर. बहुतेक परमुलखातून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय. खडकात गारेचा अंश फार. पाणी न मारता भोके पाडली, की पिठासारखी धूळ उडे, आणि ती थेट फुप्फुसात जाऊन बसे. हाच सिलिकोसिस.

माणसे किती गेली? पाटीवर दोन आकडे आहेत. कबूल केलेले मृत्यू १०९. संसदेच्या चौकशीत निघालेले ४७६. पुढे १९८६ साली डॉक्टर मार्टिन चर्नियाक यांनी अंदाज केला, तो निदान ७६४ चा!

एवढी तफावत कशी? अहो, कित्येक जण खोकत खोकत आपल्या गावी परतले नि तिथेच वारले. त्यांना कोण मोजणार?

या दुर्घटनेनंतर सिलिकोसिस हा धंद्यातून जडणारा रोग मानला गेला, भरपाईचे कायदे झाले. पण गुरुजी, मुलांना पाटी वाचायला शिकवाल तेव्हा एवढे जरूर विचारा : यात मोजायचे कोण राहिले?