तळटीप : जीपवाल्यांचा संघ

१. ‘जीपवाल्यांचा संघ’ : सुपा (ता. पारनेर) येथील आठवणींत लेखकाने उल्लेखलेला हा संघ म्हणजे मुंबईचा महिंद्रा युनायटेड. १९६२मध्ये महिंद्रा कंपनीचा संघ म्हणून तो उभा राहिला. कंपनीच्या जीपवरून खेळाडूंना ‘जीपमेन’ म्हणत. ड्युरँड करंडक (१९९८, २००१, २००८), फेडरेशन करंडक (२००३, २००५) आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग त्याने जिंकली. २०१०मध्ये आय-लीगचा हंगाम संपल्यावर कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळण्याचे ठरवून संघ बंद केला. शाळकरी मुलांना संधी हवीच. पण ज्या संघात खेळण्याचे स्वप्न पाहायचे तोच नाहीसा होणे, ही महाराष्ट्राच्या फुटबॉलची मोठी हानी होती. — संपा.