कलकत्त्याची परीक्षा, नागपूरचा विद्यार्थी

इतवारी स्टेशनावरून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग आपण नित्य पाहतों. परंतु नागपुरांतील उच्च शिक्षणाशीं त्याचें नातें काय, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 सालीं नागपुरास आले व पुढच्याच वर्षीं त्यांनीं शहरांत शाळा काढली. त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं, 1883 सालीं, मिशननें त्यांच्या नांवाचें कॉलेज स्थापन केलें. वर्ग नागपुरांत भरत. अभ्यासक्रम मात्र कलकत्त्यास ठरे, आणि परीक्षाही तेथलीच. लंडनच्या धर्तीवर 1857 सालीं निघालेलें कलकत्ता विद्यापीठ त्या काळीं स्वतः शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई. छापखाना, टपाल आणि आगगाडी यांवांचून असली दूरस्थ व्यवस्था चालणें अशक्यच होतें. त्यांत आगगाडीची वाट मोठी चमत्कारिक! कलकत्ता पूर्वेस, पण नागपूरकरानें आधीं पश्चिमेस भुसावळ गांठावें आणि मग जबलपूर, अलाहाबाद असा वळसा घ्यावा. 1891 सालीं बंगाल-नागपूर रेल्वे आसनसोलपर्यंत पुरी झाली, तेव्हां कोठें इतवारीवरून सरळ पूर्वेची वाट खुली झाली.

प्रांत न सोडतां उच्च शिक्षण मिळालें, हा लाभ लहान नव्हे. तथापि जो शिकवी त्याच्या हातीं अभ्यासक्रम नव्हता, आणि ज्यांच्या हातीं तो होता त्यांनीं येथला विद्यार्थी कधीं पाहिलेला नसे. शिक्षकाचें अर्धें लक्ष मुलाकडे, अर्धें कलकत्त्याकडे! 2020 सालीं साथीमुळें शाळा बंद होऊन धडे काचेच्या पडद्यावरून घरोघर आले, तेव्हां शिक्षक निदान मुलांना नांवानें ओळखत होते.

स्वतः हिस्लॉप यांनीं अंतराचा उपयोग निराळाच केला. नागपूरच्या परिसरांतील खडक व जीवाश्म त्यांनीं आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह अभ्यासले, आणि तो निबंध 1855 सालीं लंडनच्या भूशास्त्र-संस्थेच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. नागपुरास रेल्वे येण्यास तेव्हां बारा वर्षें अवकाश होता! गोंडांविषयींचीं त्यांचीं टिपणें 1866 सालीं रिचर्ड टेंपल यांनीं छापून काढलीं. येथल्या मातींतलें ज्ञान लंडनपर्यंत पोंचलें, तें असें. त्यांच्या नांवाच्या कॉलेजास मात्र दीर्घकाळ दुसऱ्यानें आंखून दिलेलाच पाठ गिरवावा लागला, असें मला वाटतें.

कलकत्त्यानंतर अलाहाबाद आलें. 1923 सालीं नागपूर विद्यापीठ निघालें, आणि त्यानंतर अभ्यासक्रम ठरविणारी सभा नागपुरांतच भरूं लागली.