मोजलेली झाडे, हरवलेली माती

मुंबईतील काही जुनी स्थलनामे सलग उच्चारून पाहिली, तर एखाद्या वनस्पतिसूचीचे पान वाचल्याचा भास होतो. वडाळा, चिंचपोकळी, उंबरखाडी, फणसवाडी, ताडदेव! सोळाव्या शतकात हे बेट पोर्तुगीज राजसत्तेकडून पट्ट्याने मिळविणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात, मुंबईतले आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, अशी नोंद करून ठेवली आहे. पुढे इंग्रजांच्या दप्तरात येथील माडांच्या वाड्यांना ‘ओर्ट’ हा शब्द रूढ झाला. तो पोर्तुगीजांच्या ‘ओर्ता’वरून, म्हणजे बागेवरून आला. वैद्यबुवांचे आडनावही उच्चाराने तेच, हा गमतीचा योगायोग.

बांधकाम आणि झाड यांच्यातील तंटा मात्र या शहराहून पुष्कळ जुना आहे. जुन्या करारातील अनुवादाच्या विसाव्या अध्यायात नगराला वेढा घालणाऱ्या सैन्यासाठी एक नियम आहे. वेढ्याची बांधकामे उभारताना फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये; जी झाडे फळ देत नाहीत, तेवढीच तोडावीत. आपल्याकडे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी असाच विचार आढळतो. जहाजांसाठी आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगी असते. परंतु ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये. एखादे झाड जीर्ण झालेलेच असेल, तर धन्याला राजी करून व मोबदला देऊनच ते तोडावे, असा त्याचा आशय आहे. या दोन्ही नियमांत झाडांची मोजदाद नाही. ते कोणाचे, ते काय देते आणि ते वाढायला किती काळ लागला, एवढेच त्यांत पाहिले आहे.

आधुनिक कायद्याने झाडे मोजायला घेतली. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठी झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ साली आला. प्रत्येक नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण, त्याचा वृक्ष अधिकारी, ठरावीक काळाने वृक्षगणना आणि परवानगीविना तोडल्यास दंड व कैद, अशी यंत्रणा उभी राहिली. इमारत बांधायची असेल तर प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची, झाडावर नोटीस लावायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दुसरे लावायचे. ही रचना चांगली होती. मुंबईत २०१८ साली पूर्ण झालेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे भरली; अशी गणना नसती, तर कोणते झाड कधी नाहीसे झाले हे कोणी सांगू शकले नसते.

तथापि, झाड हे खोड आणि पालवी एवढेच नव्हे. झाडाची मुळे सरळ पाताळात जातात, असा आपला समज असतो. वस्तुतः अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-अडीच फुटांच्या थरात पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. त्या थरावरून खडीचे ट्रक फिरले की माती दबते, तिच्यातील हवा व पाणी जाण्याची छिद्रे मिटतात. पायथा उंच करण्यासाठी भराव टाकला, तर मुळे गुदमरतात. आमच्या सखल किनारपट्टीच्या गावांत हेच सर्वाधिक घडते. पाण्याच्या नळासाठी चर खणला, तर एका बाजूची मुळे एका दुपारीत जातात. एवढे होऊनही झाड लगेच वाळत नाही. साठवलेल्या शिदोरीवर ते दोन-चार वर्षे हिरवे राहते. तोवर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले असते, बिल्डर पुढच्या कामावर गेलेला असतो. मग एका आषाढात झाड आडवे होते आणि दोष वाऱ्याला दिला जातो. दप्तरात ते ‘वाचविलेले झाड’ म्हणूनच राहते.

मातीचा प्रश्न मुंबईच्या नियमांत वेगळ्याच वाटेने आला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्याच्या दादर-माटुंगा भागातील आखणीत इमारतींभोवती मोकळी जागा सोडलेली होती. हेतू उजेड व वारा यांचा. पण दादरच्या पारशी कॉलनीतील छत्रासारखी सावली धरणारी झाडे त्या मोकळ्या जमिनीमुळेच जगली. हाच धागा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत पुढे आला. हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर पंधरा, वीस किंवा पंचवीस टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी आकाशाखाली मोकळी ठेवायची आणि त्या जागेच्या दर शंभर चौरस मीटरमागे पाच झाडे भूखंडावर लावायची. चार हजार मीटरच्या भूखंडाला आठशे मीटर मोकळी जागा आणि चाळीस झाडे, असा तो हिशेब.

नियमावलीत एक गोष्ट लिहिलेली नव्हती, कारण ती लिहावी लागेल असे कोणाला वाटलेच नसावे. मोकळी जागा म्हणजे जमीन, हे गृहीत होते. पुढे गाड्या वाढल्या, त्यांच्यासाठी दोन-तीन मजल्यांचे वाहनतळ आले, त्यावर सिमेंटची गच्ची आली आणि त्या गच्चीवर दोन फूट माती पसरून हिरवळ आली. हे ‘पोडियम’. तेही आकाशाखालीच असल्यामुळे बिल्डर त्यालाच मोकळी जागा म्हणून दाखवू लागले. हा वाद कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, नियमाने सांगितलेली किमान मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, पोडियमवर नव्हे. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने झाडांच्या बुंध्याभोवतीच्या एक मीटर अंतरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. माती कायद्याच्या दृष्टीस पडू लागल्याचे हे वर्ष मानायला हरकत नाही.

पण २०१८ साली लागू झालेल्या मुंबईच्या नव्या नियमावलीने तडजोड केली. आवश्यक मोकळ्या जागेपैकी साठ टक्के जमिनीवर हवी; उरलेली चाळीस टक्के पोडियमवर चालेल. त्या साठांपैकीही निम्मी तरी ‘मदर अर्थ’वर हवी, असे इंग्रजी संहितेचे शब्द आहेत. म्हणजे शंभर मीटर मोकळ्या जागेतील तीस मीटरलाच खरी माती मिळण्याची हमी. बाकीच्या जमिनीखाली तळघराचे छत असू शकते. ज्या मातीला पूर्वी केवळ जमीन म्हणत, तिच्यासाठी नियमकर्त्यांना स्वतंत्र शब्द योजावा लागला, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके पान वाटते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे दोन दिवसांच्या आत पडली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली, ते सर्वांना स्मरत असेल. २०२१ च्या दुरुस्तीने १९७५ चा कायदा कडक झाला. पन्नास वर्षांचे वा त्याहून जुने झाड हे वारसा वृक्ष ठरले. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावून ती सात वर्षे सांभाळण्याची अट आली. दोनशे वा अधिक झाडांचा प्रस्ताव राज्य प्राधिकरणाकडे जाऊ लागला. वय मोजू लागलेला हा कायदा आज्ञापत्राच्या जवळ आला आहे खरा. परंतु साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात साठ रोपे लावायला साठ ठिकाणची माती लागते, आणि ती त्या भूखंडावर बहुधा उरलेली नसते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या सोसायट्यांत सध्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. करारनाम्यात चटईक्षेत्र, भाडे आणि वाहनतळ यांवर रात्र-रात्र चर्चा होते. त्याच बैठकीत नकाशा पसरून आणखी चार गोष्टी विचारता येतात: तळघराची हद्द कुठवर जाते, राखावयाच्या झाडांभोवती, निदान फांद्यांच्या घेराएवढे, कुंपण काम सुरू होण्यापूर्वी पडणार की नंतर, भराव किती उंच, आणि ‘मदर अर्थ’ नकाशात नेमकी कोणत्या कोपऱ्यात दाखविली आहे. सही झाल्यानंतर उरते ती बुंध्यावर डकवलेली नोटीस. तिच्यावर झाडांचे क्रमांक असतात, तोडायची कोणती व हलवायची कोणती ते असते आणि हरकत पाठविण्याची तारीख असते. पावसाळ्यात ती शाई आठवड्याभरात धुऊन जाते.