कल्याणची ठेव

आमचे मेव्हणे पुण्याचे. त्यामुळे इतिहासाची एजन्सी त्यांच्याकडे. "काय भाऊजी, कोपरला पाहण्यासारखं काय?" त्यांनी विचारले. दोन मजली स्टेशन सोडून काही सुचेना. मग आमची वरात लोकलने कल्याणला!

दुर्गाडीवर मी सांगितले, "१६५७ साली महाराजांनी कल्याण घेतलं. पाया खणताना इथं धन सापडलं म्हणतात." (पावती कुणाच्या नावे, ही शंका मात्र गिळली.)

"त्याआधीचं दाखवा!"

त्याआधी सातवाहनांच्या काळी कल्याण हे मोठे बंदर. गलबते येत, पेढ्या चालत. त्या पेढ्यांची एक भिंत काही मला दाखवता येईना. पण तिकडे बोरिवलीजवळ, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणकरांची दाने आजही दगडात कोरलेली आहेत. कुणा सोनाराने पाण्याचे टाके दिले, कुणा लोहाराने वाट. तिथे 'अक्षयनीवी'ही भेटते: मुद्दल कायम, खर्च उत्पन्नातून. आमची मुदत ठेवच की!

म्हणजे कल्याणकरांनी साठवले ते गेले, दिले ते उरले. मी २० वर्षे लोकांच्या ठेवी लिहितोय. माझ्या सहीची व्हाउचरे मात्र मुदत भरताच रद्दीत.

परतीचे मेव्हण्यांचे तिकीट मीच काढले. कोरायला दगड मिळाला नाही, म्हणून इथे नोंद केली.