माठातला वाळा रस्त्याच्या कामी कसा आला

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला कसा वास येतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! आज त्याच वाळ्याची दुसरी गोष्ट ऐका.

नदीकाठचा रस्ता खचतो, तेव्हा आधी डांबर जात नाही. पुराचं पाणी काठाचा पायथा पोखरतं. वरची माती अधांतरी राहते, आणि पूर ओसरताना भिजून जड झालेली ती माती रस्त्यासकट खाली बसते. वाळ्याची मुळं आडवी फारशी पसरत नाहीत. सरळ खाली, 3 मीटरपर्यंत नि त्याहूनही खोल जातात आणि माती शिवून टाकतात. वर पात्यांचं दाट कुंपण होतं, त्यात गाळ अडतो.

कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी कित्येक पिढ्या बांधावर वाळा लावत आलेत. 1950 च्या दशकात जॉन ग्रीनफिल्ड यांनी फिजी बेटांवर उसाच्या उतारांवर त्याच्या ओळी लावल्या. पुढे 1980 च्या दशकात ते जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात आले, आणि वाळ्याचं नाव जगभर झालं. आपल्याच बांधावरची विद्या आपल्याला परदेशी साहेबाकडून परत मिळाली, याची मला गंमत वाटते.

व्हिएतनाममध्ये 2000 साली हो ची मिन्ह महामार्गाचं काम सुरू झालं. डोंगर कापून काढलेला रस्ता, वरून धो धो पाऊस. दरडी कोसळायला लागल्या. 2003 पासून तिथे रस्त्याच्या उतारांवर मोठ्या प्रमाणावर वाळा लावला गेला. नदीकाठांवरही लावला.

मात्र जो पायथा कायम पाण्याखाली असतो, तिथे दगडच लागतात. वाळा त्याच्या वर. पहिल्या पावसाळ्यात तो कोवळा असतो, मोठ्या पुरात उपटून जातो. दाट सावलीतही तग धरत नाही.

खरी अडचण आपल्या घरातलीच आहे. वाळ्याचा पैसा मुळात, आणि मुळं हवीत तर ठोंब खणायलाच हवा. खणला की काठ मोकळा! म्हणून गटाने विक्रीचा वाळा वेगळ्या, सपाट जागी लावावा. काठावरच्याची फक्त पाती कापायची. कोवळी गुरांना, जून छपराला. ठोंब मागताना दक्षिणेकडच्या, बी न धरणाऱ्या जातीचे मागा, म्हणजे शेतात तण होणार नाही. आणि लावताना अर्ध्या वितीवर लावा, मध्ये फट ठेवू नका. पाणी फट बरोबर शोधतं.