मुकाट फिरलेला काटा

श्रोतेहो, रेडिओकडे तक्रार करायची तर पोस्टकार्ड लिहावे, ही जुनी रीत. पण एक मोठी तक्रार लोकांनी न बोलता केली.

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घरोघरी पोचावे, ही त्यांची तळमळ खरी होती. त्यापायी आकाशवाणीवरची चित्रपटगीते आधी घटली, मग निर्मात्यांशी वाद होऊन बंदच पडली. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला. तिथे अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाला’वर पत्रांचा पाऊस पडू लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. पुढे तिच्या ‘पत्रावली’ कार्यक्रमात श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरेही मिळू लागली.

एका केंद्रावरचे निवेदक ‘गझल’ला ‘गजल’ म्हणत. माझ्या अब्बांनी कार्ड टाकले. उत्तर आले नाही. मी चिडलो, तर अब्बा म्हणाले, “बेटा, जो रागावतो तो अजून ऐकतोय. काळजी करावी ती मुकाट्याने काटा फिरवणाऱ्याची.”

तेव्हा आज माझे काही चुकले असेल, तर कार्ड जरूर टाका.